तोंडाच्या कर्करोगावरील प्रकाश-संशोधनाची ‘प्रादेशिक गरज स्पष्ट होत नाही’ म्हणणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
विदर्भातील वैद्यकीय संशोधनाच्या प्रस्तावांची छाननी करणारी तज्ज्ञ समिती

विषय : प्रकाशाने कार्यान्वित होणाऱ्या नॅनोकणांवरील प्रस्ताव परत पाठवण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

नागपुरातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवते. लाल प्रकाश पडल्यावरच औषध सोडतील आणि त्याच वेळी गाठीची कड उजळून दाखवतील अशा नॅनोकणांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, तोंडाच्या कर्करोगासाठी काम करण्याचा प्रस्ताव आमच्या गटाने आपल्याकडे पाठवला होता. तो परत आला. प्रस्ताव नामंजूर होणे ही संशोधनातली नेहमीची बाब आहे आणि तेवढ्यासाठी मी जाहीर पत्र लिहिले नसते. पण परत आलेल्या कागदावर कारण म्हणून दोनच वाक्ये आहेत : ‘विषयाची प्रादेशिक गरज स्पष्ट होत नाही. परदेशात या विषयावर प्रगत संशोधन झालेले आहे.’ हा शेरा आमच्या प्रस्तावापुरता राहणार नाही. या विषयावर विदर्भातून पुढे जो कोणी अर्ज करील त्याच्या फाइलीवर तो उमटेल. म्हणून उत्तर बंद पाकिटात न देता उघडपणे देत आहे.

समितीबाहेरच्या वाचकांसाठी विषय थोडक्यात सांगते. काही रंगद्रव्ये अंधारात निरुपद्रवी असतात. ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की तो शोषून घेऊन ती ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला देतात आणि त्यातून ऑक्सिजनचे अत्यंत दाहक रूप तयार होते. हे रूप पेशीत काही मायक्रोसेकंदच टिकते आणि एका पेशीची रुंदीही ओलांडू शकत नाही. त्यामुळे प्रकाश जिथे पडला तेवढ्याच जागेला इजा होते. म्युनिकमध्ये १९०० साली ऑस्कर राब हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू हर्मान फॉन टापायनर यांना हा परिणाम एकपेशीय जीवांवर दिसला होता. कर्करोगासाठी ‘फोटोफ्रिन’ या औषधाला कॅनडात १९९३ साली आणि अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली आणि फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे प्रकाश आणि रंगद्रव्य यांनी गाठ मारण्याची ही पद्धत, हा मान्यताप्राप्त उपचार झाला.

नॅनोकण आले ते नंतर, आणि ते आले एका अडचणीमुळे. शिरेतून दिलेले रंगद्रव्य गाठीत जाते तसे कातडीतही जाते, आणि मग रुग्णाला ऊन सोसत नाही. ते गाठीपर्यंत अधिक आणि इतरत्र कमी पोहोचावे यासाठी ते लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुपीत भरण्याचे प्रयत्न सुरू झाले. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली या कुपीची भिंतच पॉर्फिरिनची, म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमच्या जातकुळीतल्या रेणूंची, बांधून दाखवली. पुढे बफेलो विद्यापीठात अशा पॉर्फिरिनयुक्त भिंतीच्या कुपीत डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध भरले गेले आणि लाल प्रकाशाखाली ती कुपी औषध सोडते हे प्राण्यांमध्ये दिसले. दुसरी वाट सोन्याची. अमेरिकेच्या राइस विद्यापीठात नाओमी हालास व जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या कणावर सोन्याचे कवच चढवून, निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने तापून गाठ जाळणारे कण तयार केले. प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरील या कणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

आता पहिल्या वाक्याकडे येते.

या साऱ्या पद्धतींची खरी मर्यादा प्रकाशाचीच आहे. रक्त आणि कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश गिळतात, ऊती तो विखुरतात, आणि उपचाराला पुरेल इतका लाल प्रकाश मांसात साधारण पाच मिलिमीटर ते एक सेंटिमीटर एवढाच जातो. यकृतातल्या किंवा स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत पोहोचायचे तर सुईतून प्रकाश नेणारा तंतू आत घालावा लागतो. तोंडाचे तसे नाही. गालाचा आतला भाग, जीभ, हिरड्या, ओठ येथे दिवा थेट समोर धरता येतो. शरीरातला जो कर्करोग प्रकाशाच्या आवाक्यात आहे, तोच आपल्या भागात ठाण मांडून बसला आहे, आणि तरीही प्रादेशिक गरज आपल्याला दिसत नाही, हे मला समजत नाही.

आकडे समितीला ठाऊक असणारच, तरी नोंदवते. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात आणि त्यांतले सुमारे १ लाख ४३ हजार ओठ व मुखपोकळीच्या कर्करोगाचे असतात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू तोंडात ठेवणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू ओढली जात नाही, चघळली जाते. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र नागपूरच्या पानठेल्यावर तेव्हाही घोटला जात होता आणि आजही जातो. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून देतात आणि माणूस ती पुडी दिवसभर गालात धरून काम करतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), शासकीय दंत महाविद्यालय, तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात समितीने एक सकाळ बसावे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि सीमेपलीकडून बालाघाट, छिंदवाड्याहून आलेल्या रांगेत गालावर रुमाल धरलेली माणसे दिसतील. प्रादेशिक गरजेचा याहून वेगळा पुरावा काय असतो, ते आपण कळवावे.

माझा या विषयाशी असलेला वैयक्तिक संबंधही लपवत नाही. माझे थोरले भाऊ खर्रा खात. त्यांच्या डाव्या गालातली गाठ काढताना जबड्याचा तेवढा भाग काढावा लागला, नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. शल्यविशारदांनी जे केले ते योग्यच होते. गाठीची खरी कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या गाठीच्या चहूबाजूंनी साधारण एक सेंटिमीटर निरोगी वाटणारा भागही काढावाच लागतो. पोटात एक सेंटिमीटर कमीजास्त झाले तर रुग्णाला कदाचित जाणवणारही नाही. तोंडात त्याच एका सेंटिमीटरवर बोलणे, गिळणे, ओठ मिटणे अवलंबून असते. आज वहिनी वरणभात मिक्सरमधून काढून, गाळून, त्यांना देतात आणि पाहुणे आले की भाऊ आतल्या खोलीत जेवतात. ऑपरेशनच्या टेबलावर गाठीची कड उजळून दिसणे म्हणजे काय, हे या घराला समजावून सांगावे लागत नाही. मेंदूच्या गाठींसाठी हे घडलेही आहे : ५-एएलए हे द्रव्य घेतलेल्या रुग्णाची गाठ निळ्या प्रकाशात लालसर चमकते, आणि या वापराला युरोपात २००७ साली व अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली.

दुसरे वाक्य, परदेशात काम झाले आहे हे, अर्धे खरे आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. डोक्याच्या व मानेच्या कर्करोगासाठी टेमोपॉर्फिन या प्रकाशसंवेदी औषधाला युरोपात २००१ साली परवानगी मिळाली. जपानने २०२० साली प्रतिपिंडाला, म्हणजे गाठीच्या पेशींना नेमके चिकटणाऱ्या प्रथिनाला, रंगद्रव्य जोडलेले औषध याच कर्करोगासाठी मान्य केले. ते शिरेतून देतात आणि दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाडतात. हे सर्व मान्य. पण ते रुग्ण आणि आपले रुग्ण एक नाहीत, आणि हा फरक मी भावनेच्या भरात सांगत नसून त्यामागे शरीरशास्त्र आहे.

सुपारीने आपल्या रुग्णांचे तोंड आधीच बदललेले असते. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठ होते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या कमी होतात, आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी मावतात तिथे अशा रुग्णाचे एखादे बोट जेमतेम जाते. आता या तोंडात परदेशी बनावटीचा प्रकाशस्रोत घालायचा कसा? नॅनोकण रक्तातून येतात. रक्तवाहिन्याच आटलेल्या ऊतीत ते किती पोहोचतील? उपचार ऑक्सिजनवर चालतो. तंतुमय झालेल्या गालात तो पुरेसा असेल का? प्रकाशचित्रणातही, म्हणजे प्रकाशाने गाठ उजळून पाहण्यातही, अशीच गोम आहे. दातांवरच्या कीटणातले आणि जिभेवरचे जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन तयार करतात आणि निळ्या प्रकाशात तेही लाल चमकतात, त्यामुळे ज्या तोंडाची निगा राखली गेलेली नाही तिथे गाठ कोणती आणि कीटण कोणते हे ओळखण्याची रीत नव्याने बसवावी लागेल. या प्रश्नांची उत्तरे टोकियोच्या रुग्णालयात मिळणार नाहीत, कारण तिथे खर्रा खाणारा रुग्ण येत नाही.

आणि ऊन. फोटोफ्रिन दिलेल्या रुग्णाला किमान तीस दिवस उन्हापासून दूर राहावे लागते, कारण औषध कातडीत रेंगाळते आणि साध्या सूर्यप्रकाशानेही भाजल्यासारखी इजा होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्याच महिन्यात गडचिरोली-गोंदियाची कुटुंबे तेंदूपत्ता तोडायला पहाटेपासून रानात असतात आणि जुलैत भंडाऱ्याकडे रोवणी सुरू होते. अशा माणसाला महिनाभर पडदे लावून घरात बसा म्हणणे म्हणजे उपचार नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. कातडीत कमी उतरणारा, गाठीवर प्रकाश पडेपर्यंत औषध धरून ठेवणारा नॅनोकण ही गोष्ट थंड देशांत सोय असेल. आपल्याकडे ती पूर्वअट आहे. शिवाय बहुतेक लायपोसोम-औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात वीज कशी असते हे सांगायला नको. आमच्या प्रस्तावातला एक पूर्ण टप्पा कोरडी पावडर करून ठेवता येईल अशा कुपीवर होता. त्या पानावर समितीने काही खूण केलेली दिसली नाही. ते वाचले गेले असावे, अशी आशा करते.

‘परदेशात झाले आहे’ हेच कारण पुरेसे असते, तर कार-टी पेशी उपचारांवर, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवण्यावर, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी कामच केले नसते. अमेरिकेत त्या उपचाराला २०१७ सालीच मान्यता मिळाली होती. तरीही काम झाले, २०२३ साली ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी उपचाराला आपल्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात तो उपचार इथे मिळू लागला. आमच्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण अलीगढचे आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात, अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साथीने, बॅटरीवर चालणारा एलईडी प्रकाशस्रोत आणि स्मार्टफोनवर आधारित प्रकाशचित्रण वापरून तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाच्या तीसेक रुग्णांवर उपचार केले गेले. महागडा लेसर नाही. अलीगढला गरज दिसते आणि नागपूरला दिसत नाही, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही.

माझ्या विषयाचे उणे मी स्वतःच मांडते, म्हणजे कोणी आमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करू नये. प्रकाशाने केमोचे औषध सोडणारा नॅनोकण आज जगात कुठेही कर्करोगाच्या रोजच्या उपचारात नाही. दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा घेऊन टोरांटोच्या गटाने २०१६ साली दाखवले की दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचतात ते मध्यकाने (निम्म्या प्रयोगांत याहूनही कमी) ०.७ टक्के, बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा उचलून घेतात. लसिकाग्रंथींत पसरलेल्या रोगाला वरून पाडलेला प्रकाश काही करू शकत नाही. ऑपरेशन, शेक आणि केमो यांची जागा हा उपचार उद्या घेईल असे मी म्हणत नाही, आणि जो कोणी म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मात्र ०.७ टक्क्यांची अडचणसुद्धा तोंडात वेगळी ठरते, कारण इथे औषध शिरेतूनच द्यावे असे बंधन नाही. ते जेलच्या रूपात थेट चट्ट्यावर लावता येते. कर्करोगाआधी तोंडात दिसणारे पांढरे चट्टे आणि सुरुवातीचा, वरवरचा रोग एवढेच आमच्या प्रस्तावाचे क्षेत्र होते, आणि ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिले होते.

याखेरीज काही तक्रारी आहेत, त्या थोडक्यात मांडते.

निर्णय कोणी घेतला हे कळत नाही. छाननी करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे शल्यविशारद, वैद्यकीय भौतिकशास्त्राचे जाणकार आणि औषधनिर्माणशास्त्राचे कोणी होते का, याचा उल्लेख उत्तरात नाही. नावे नकोत, निदान विषय तरी कळावेत.

निधी इमारतीला मिळतो, चालवायला मिळत नाही. आमच्याच महाविद्यालयातला लेसर देखभालीचा करार संपल्यापासून कापडी खोळीखाली झाकून ठेवला आहे. त्याच्या शेजारचे प्रकाशमापक यंत्र प्रमाणित करून घेण्याइतकाही खर्च कुठल्या शीर्षात बसत नाही, आणि प्रकाशाची मात्रा मोजता आली नाही तर बाकीच्या प्रयोगाला अर्थ उरत नाही. उद्घाटनाची कोनशिला मात्र दर आठवड्याला पुसली जाते. कुपीसाठी लागणारे लिपिड (स्निग्ध द्रव्य) महाग असते, ते एकदाच मागवून पुरवून वापरावे लागते, आणि ज्या फ्रिजमध्ये ते असते तो दुसऱ्या विभागाचा आहे. विद्यार्थी हे सारे पाहतात आणि पदव्युत्तर पदवी मिळताच हैदराबाद किंवा पुणे गाठतात. त्यांना दोष देता येत नाही.

प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामध्ये रस्ता नाही. शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, एम्स आहे, दंत महाविद्यालय आहे, कर्करोग रुग्णालये आहेत, विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. एवढ्या संस्था काही किलोमीटरच्या परिघात असूनही ऑपरेशनमध्ये काढलेल्या ऊतीचा तुकडा, रुग्णाच्या संमतीने, संशोधनासाठी मिळवायचा तर प्रत्येक ठिकाणच्या नैतिकता समितीपुढे वेगळा अर्ज, वेगळा नमुना, वेगळी प्रतीक्षा. नियम कडक असावेत याबद्दल वाद नाही. पण एकच गोष्ट पाच ठिकाणी तपासल्याने ती पाचपट सुरक्षित होत नाही.

आणि संशोधन जिथे होत नाही तिथे जाहिरात होते. ‘नॅनो’ आणि ‘लेसर’ हे शब्द वापरून कर्करोग बरा करण्याचे दावे फोनवर फिरतात आणि रुग्णाचे नातेवाईक शेक अर्धवट सोडून तिकडे जातात. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. त्या दाव्यांना उत्तर द्यायला शहरात या विषयाचे निदान चार अभ्यासक तरी हवेत.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, ‘प्रादेशिक गरज स्पष्ट होत नाही’ हा शेरा मागे घ्यावा आणि प्रस्तावाची छाननी संबंधित विषयांच्या तज्ज्ञांकडून पुन्हा करावी. प्रस्ताव शास्त्रीयदृष्ट्या कच्चा ठरला तर तो जरूर नाकारावा, पण कारणे मुद्देसूद आणि लेखी द्यावीत. दोन, यंत्र मंजूर करताना त्याची पाच वर्षांची देखभाल, प्रमाणीकरण आणि एका तंत्रज्ञाचा पगार त्याच मंजुरीत धरावा. त्यासाठी यंत्रांची संख्या कमी करावी लागली तरी चालेल. तीन, नागपुरातील संस्थांनी मुखकर्करोगाच्या संशोधनासाठी एकच संमतिपत्र आणि एकच संयुक्त नैतिकता छाननी स्वीकारावी यासाठी समितीने पुढाकार घ्यावा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ सालीच प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे नियमांची चौकट नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. चार, आमच्या प्रस्तावाला निधी मिळो वा न मिळो, पांढरे चट्टे आणि तोंड न उघडण्याच्या तक्रारी असलेल्या रुग्णांची विदर्भासाठी एक सामाईक नोंदवही सुरू करावी. तिला नॅनोकण लागत नाहीत. एक टॉर्च, लाकडी पट्टी आणि प्रशिक्षित डोळे पुरतात. माझ्या मते चारही मागण्यांत ही सर्वांत निकडीची आहे, आणि पहिल्या तीन मान्य करणे समितीला जड जात असेल तर सुरुवात हिच्यापासून करावी.

प्रस्तावाची संपूर्ण प्रत, समितीच्या शेऱ्यासह, मी आमच्या विभागाच्या फलकावर लावली आहे. कोणालाही ती पाहता येईल. समितीचे उत्तर आल्यास तेही त्याच फलकावर, एक शब्दही न बदलता, लावीन आणि या पत्राइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध करीन.

कळावे,

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक अध्यापिका
नागपूर